बोटं दुखायचे दिवस : गिटारची सुरुवात तुम्ही कशी केलीत?

खाडीकाठ :
काल पोटमाळा आवरताना जुनी गिटार हाताला लागली. गेले तीन पावसाळे गोधडीत गुंडाळून पडली होती. ब्रिजची, म्हणजे तारा खाली अडकवलेल्या लाकडी पट्टीची, मागची कड लाकडापासून सुटलीय, पोस्टकार्ड आत सहज सरकलं. तारा तांबडट झाल्यात. बोट फिरवलं तर टोकावर गंजाची रेघ उमटली आणि एकदम अकरावीचं वर्ष समोर आलं.

वेंगुर्ल्याला आमच्या वाडीत शिकवणारं कुणी नव्हतं. गणपतीपर्यंत दोन गाणी बसवायचीच म्हणून रोज तीन-तीन तास बसायचो. टोकं लाल व्हायची ते ठीक, पण मी नेक, म्हणजे गिटारची दांडी, मुठीत आवळायचो आणि मनगट पार दुमडून एफ कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा) बार धरायचो, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायचो. चतुर्थीच्या आठवडाभर आधी तांब्या उचलताना मनगटातून अशी कळ गेली की आरतीला झांजाही धरता आल्या नाहीत. पुढे दीड महिना गिटार बंद.

टोकांची हुळहुळ वेगळी आणि मनगटातली कळ वेगळी, एवढं तेव्हा कुणी सांगायला हवं होतं. हुळहुळ दोन-चार आठवड्यांत घट्टे पडले की जाते. कळ आली की गिटार खाली ठेवायची, त्यावर जोर करायचा नाही. आता भाचा शिकायचं म्हणतोय. तुमचे अनुभव लिहा, त्याला वाचून दाखवीन.

सुरंगी :
बोट फ्रेटच्या, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला अगदी लागून, मागच्या बाजूला टेकवायचं. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबलं की उगाच जास्त जोर लागतो. मी जोर असा शोधला : बोट तारेवर नुसतं ठेवायचं, उजव्या हाताने छेडत राहायचं आणि दाब हळूहळू वाढवायचा. थपथप जाऊन स्वर मोकळा झाला की तिथेच थांबायचं. मी त्याच्या कितीतरी पुढे दाबत होते! कुकर झाला, नंतर लिहिते.

हर्णै_बंदर :
हवेचं कुणीच बोलत नाही. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आपल्याकडे पावसाळ्यात बहुतेक वेळ ८० च्या वरच असते. लाकूड ओल धरतं, पुढची फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात. शिकणाऱ्याला वाटतं आपल्याच बोटांत ताकद नाही. माझा धाकटा भाऊ याच समजुतीने सोडणार होता. बाराव्या फ्रेटवर पट्टी धरून मोजलं तर सहाव्या, सगळ्यात जाड तारेखाली ४ मिमी. स्टीलच्या तारांना अडीचच्या आसपास पुरे. दुरुस्तीवाल्याने सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती बारीक पट्टी, खालून घासून दिला आणि पोरगं त्याच संध्याकाळी सी कॉर्ड स्वच्छ वाजवायला लागलं. जुना सॅडल जपून ठेवा हं. थंडीत लाकूड आकसलं की घासलेला कमी पडतो आणि तार झणझणते.

खाडीकाठ :
हर्णै, हे भाच्याला आजच सांगतो. आमच्याकडे पावसात कपाटात बल्ब लावून ठेवतात, त्यात ठेवली तर?

हर्णै_बंदर :
नको नको. उष्णतेने सरस मऊ पडतो. उन्हातल्या गाडीत ठेवणंही तसंच. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि वाजवून झालं की सुक्या फडक्याने तारा पूस, खालूनसुद्धा. खाऱ्या वाऱ्यात हे रोजचं.

माडाखाली :
माझ्या चेडवान गिटारीचो हट्ट धरल्यान. स्टीलच्या तारांनी बोटां सोलवटली, रडाक लागला. मगे लहान आकाराची, नायलॉन तारांची आणली. आता जेवाक बोलावलं तरी उठणा नाय.

सुरंगी :
वा, शाब्बास तिची! फक्त त्या गिटारवर कधीही स्टीलच्या तारा चढवू नका हं. त्यांचा ताण फार जास्त, ब्रिज उपटून येतो.

रातांबा :
खाडीकाठ, वेंगुर्ल्यात कुठे? माझं आजोळ उभादांड्याला.

खाडीकाठ :
अरे, मग शेजारीच की! आम्ही बंदराच्या अंगाला.

रातांबा :
आजीच्या घरी झोपाळ्यावर बसून शिकलो. पाठीला बाक, बोटं बघायला मान खाली, महिन्याभरात खांदा धरला. शेवटी आजीने जेवायचा पाट आणून डाव्या पायाखाली दिला आणि मला बिनहाताच्या खुर्चीवर बसवलं. गिटार आपोआप वर आली, मनगट सरळ झालं. आजी गेली. पाट अजून माझ्याकडे आहे.

सुरंगी :
रातांबा, डोळ्यांत पाणी आणलंत.

घाटावरून :
सुराला लावताना जपा. माझा क्लिपचा ट्यूनर, म्हणजे गिटारला चिमटा लावून स्वर दाखवणारं यंत्र, नुसतं स्वराचं अक्षर दाखवतो, सप्तक नाही. पहिली, सगळ्यात बारीक तार आधीच तिच्या ई स्वराच्या वर गेली होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. पुढचा ई येईल म्हणून पिळत राहिलो. तार तुटली आणि डोळ्याखाली गालावर सपकन बसली, खूण वर्षभर होती. आता आधी अर्धा फेर सैल करतो, मग चढवतो, आणि तोंड लांब ठेवतो.

हातांवर_उपचार :
मी फिजिओथेरपिस्ट आहे. बोटांना मुंग्या, बधिरपणा, रात्री हाताने जाग येणं, यातलं काही असेल तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा, नुसता बाम चोळत बसू नका. पेशंट आत बोलावते, एवढंच.

सुरंगी :
आले परत. सलग तासाऐवजी पंधरा मिनिटं, उठून हात सैल सोडायचे, पुन्हा पंधरा. मी मेट्रोनोम, म्हणजे टकटक करून लय देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून जी आणि सी हे दोनच कॉर्ड बदलायची. मिनिटात किती नीट बदल होतात ते कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी लिहायची. पहिल्या दिवशी ११, पाचव्या आठवड्यात ३४. ते आकडे बघूनच उठून बसावंसं वाटायचं. एफ मी तिसऱ्या महिन्यापर्यंत धरलाच नाही, बारीक बाजूच्या चार तारांवरचा लहान एफ वापरला. भाच्यालाही तोच द्या.

खाडीकाठ :
सुरंगीताई, कॅलेंडरचं आवडलं, त्याला आजच लावतो. आधी तारा सैल केल्यात, म्हणजे ब्रिज आणखी ओढला जाणार नाही. शनिवारी गिटार म्हापशाला दुरुस्तीला नेतोय, भाचाही येतोय बरोबर.

रातांबा :
शनिवारी मीही आजोळी आहे. पाट घेऊन येतो, त्याला बसून बघू दे.