यिडिश इंग्रजीत 'जगली' म्हणायचं का?

धागाकर्ता
१८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून सुमारे २० लाख ज्यू अमेरिकेत आले. त्यांच्यातल्या बहुतेकांची भाषा यिडिश. बरेचसे न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या कोंदट खोल्यांत राहिले. आज सिनेगॉगची (ज्यूंच्या प्रार्थनामंदिराची) पायरीही न चढलेले अमेरिकन बेगलला (कड्यासारख्या गोल पावाला) क्रीम चीजचा 'श्मिअर' लावतात, मधल्या वेळी 'नॉश' करतात, कुरकुरीला 'क्वेच' म्हणतात; हे सगळे यिडिश शब्द. माझ्या मते ताटातून शिरलेला शब्द टिकतो. 'श्माल्ट्स'चंच बघा. डुकराची चरबी धर्माला निषिद्ध, मांसासोबत लोणीही चालत नाही. म्हणून कोंबडीची नाहीतर हंसाची चरबी कढवून ठेवायची, ती श्माल्ट्स. इंग्रजीत तोच शब्द गळेपडू, रडव्या गाण्यांना आणि सिनेमांना लागला. चुलीवरून थेट समीक्षेत! हा यिडिशचा विजयच आहे.

प्रतिसाद: अक्षरवेडी
'विजय' हा शब्द बोचला. दुसऱ्या महायुद्धाआधी यिडिश बोलणारे एक कोटीच्या आसपास होते. नाझींनी मारलेल्या ६० लाख ज्यूंपैकी बहुतेकांची ती मायबोली. वाचले त्यांची मुलं अमेरिकेत इंग्रजीकडे, इस्रायलमध्ये हिब्रूकडे वळली. आणि इंग्रजीने उचललं काय? खाणं, कुरकुर, शिव्या. याच भाषेत लिहिणाऱ्या आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांना १९७८चं नोबेल मिळालं, पण जग त्यांना वाचतं ते अनुवादातून. उद्या मराठी गेली आणि जगभर 'वडापाव' तेवढा उरला, तर पेढे वाटाल का?

धागाकर्ता
नाही वाटणार. पण इंग्रजीत नुसते शब्दच शिरले नाहीत हो, बोलण्याची ढबही शिरली. 'फॅन्सी-श्मॅन्सी' हे आपल्या चहाबिहासारखंच आहे.

अक्षरवेडी
चहाबिहा म्हणजे चहा आणि सोबत असेल ते. 'श्म' लावतात ते उडवून लावायला.

धागाकर्ता
'लग्नबिग्न काही नको' म्हणताना आपणही उडवूनच लावतो की!

प्रतिसाद: कोकण्या
तुम्ही दोघं जिवंत भाषेचं सुतक पाळताय. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमध्ये हसिदी (कर्मठ ज्यू पंथाची) पोरं आजही यिडिशमध्ये शिकतात, भांडतात. शिवाय ज्यू म्हणजे यिडिश असंही नको. आमच्याकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, ज्यांना शनवार तेली म्हणत, ते घरात मराठीच बोलत आले. त्यांचा मलिदा (धार्मिक प्रसंगी करायचा पदार्थ) पोहे-नारळाचा.

अक्षरवेडी
हसिदींचा मुद्दा बिनशर्त मान्य, सुतक मागे घेते. पण तिथे भाषा टिकली ती आया मुलांशी तीच बोलतात म्हणून. त्यात बेगलचं श्रेय काय?