तिकीट नंतर, आधी रोकड

"परदेशात असताना लष्करी बंड झालं की मिळेल ते पहिलं विमान पकडावं," असा सल्ला कुणीतरी दिलाय. अहो, विमान असायला तर हवं! म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा माझा धाकटा भाऊ तिथल्या यांगून शहरात होता. १ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी फोन-इंटरनेट ठप्प, बँका बंद, एटीएमपुढे रांगा. कोविडमुळे नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं आधीपासूनच थांबलेली. इकडे सोलापुरात आई दिवसभर फोन कानाला लावून बसलेली. संध्याकाळी लागला एकदाचा, तर पठ्ठ्या म्हणतो, "जेवलो. कडक भाकरी आमटीत चुरली." जाताना आईने बळंच कोंबलेली चळत! शेंगाचटणी मात्र आधीच संपवून बसला होता.

दुसऱ्या रात्री आठला अख्खी गल्ली पातेली बडवायला लागली. भाऊ दिवा मालवून गप्प. सकाळी शेजारणीने सांगितलं, घरातली पीडा हाकलायची ही जुनी रीत, आता लष्कराच्या निषेधासाठी.

१९३० चा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, आमच्या सोलापूरने भोगलाय; तेव्हाच्या प्रकरणात फाशी गेलेल्या चौघांच्या नावाच्या चार हुतात्मा चौकातून आम्ही रोज जातो. पण घरातलं माणूस तसल्यात अडकलं की इतिहास कुठला आठवतोय? "सुटे पैसे आहेत का रे?" एवढंच विचारलं मी. नव्हते.