‘सेलम्स लॉट’ घेऊ का? आमच्या वाचनकट्ट्यात उभी फूट पडली आहे

रात्रपाळी_नाशिक
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत सात-आठ जणांचा वाचनकट्टा आहे. पुढच्या महिन्यासाठी कुणीतरी स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ सुचवली आणि ज्यांनी ती आधी वाचलीय त्या तिघांची तोंडं तीन दिशांना. एक म्हणतो, याच्यापुढे भयकादंबरी नाही. दुसऱ्या काकू म्हणतात, निम्मं पुस्तक गावच्या कुटाळक्यांत जातं. तिसऱ्यानं दीडशे पानांवर सोडून दिली आणि त्याला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

मी नारायण धारपांच्या भयकथांवर वाढलेला माणूस. इंग्रजी वाचतो, पण बैलगाडीच्या वेगानं. एवढं जाडजूड पुस्तक म्हणजे माझा अख्खा महिना गेला. तेव्हा सांगा, घेऊ का? आणि घेतली तर कुठपर्यंत दम धरायचा? शेवट मात्र फोडू नका.

मेतकूट_भात
घे रे. पण काय घेतोयस ते कळून घे. ही १९७५ची, ‘कॅरी’नंतरची किंगची दुसरी कादंबरी. तो तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवायचा, मुलांना ‘ड्रॅक्युला’ शिकवताना त्याच्या डोक्यात आलं की हा रक्तपिपासू सरदार आजच्या अमेरिकेत उतरला तर? न्यूयॉर्कमध्ये उतरला तर टॅक्सीखाली येऊन मरेल, असा घरात विनोदही झाला. पण मेन राज्यातल्या एखाद्या आडगावात उतरला तर?

सगळी कादंबरी या ‘आडगावात’ या शब्दावर उभी आहे. जेमतेम तेराशे वस्ती. कोण कुणाबरोबर फिरतं, कोण बायकोला मारतं, कोण दारू लपवतं, सगळ्यांना सगळं ठाऊक आणि तरी कुणी तोंड उघडत नाही. मेबल वर्ट्स नावाची एक बाई आहे, एका हाताशी दुर्बीण, दुसऱ्या हाताशी फोन. आमच्या जुन्या चाळीत अशा दोन होत्या, दुर्बिणीची गरज नव्हती एवढंच. अशा गावात माणसं एकेक करून दिसेनाशी होऊ लागली तर शेजारी काय म्हणतील? ‘गेले असतील कुठेतरी.’ तुझ्या काकूंना ज्या कुटाळक्या वाटल्या, त्यातूनच तो रक्तपिपासू आत शिरतो. त्या गाळल्या तर उरतो सुळे असलेला एक म्हातारा.

अर्ध्यावर_सोडणारा
तिसरा मीच समजा, फक्त दुसऱ्या गावचा.

मेतकूटराव, तुमचं पटतं, पण आधीच्या शे-दीडशे पानांत किती माणसं आणून ओतलीत! दूधवाला, गुरं पाळणारा, कचराडेपोचा रखवालदार, बोर्डिंगवाली बाई, कॉन्स्टेबल. मी शेवटी वहीत नावं लिहून काढली. नायक लेखक, गावात आला, दोन दिवसांत बागेत मुलगी भेटली, प्रेम जमलं. ते प्रेम इतकं बेचव की सूझनचं पुढे काय होणार याची मला काळजीच वाटेना. आणि हत्यारं कोणती? क्रूस, पवित्र पाणी, लसूण. लसूण आमच्या घरी रोज फोडणीला असते. क्रुसाचं म्हणाल तर मला त्याची ना भीती ना आधार. मुंज्या पिंपळावरून उतरला म्हटलं की अजून पोटात गोळा येतो, इथे काहीच हललं नाही.

कुडाळची_सून
अर्ध्यावर_सोडणारा, तुम्ही अगदी चुकीच्या ठिकाणी उतरलात हो! आणखी थोडं बसायचं होतं.

क्रुसाचं मलाही सुरुवातीला तसंच झालं. पण दुसरा एक नियम आहे: रक्तपिपासूला बोलावल्याशिवाय तो घरात येऊ शकत नाही. हे वाचलं आणि मला थेट सासरची ओसरी आठवली. आजेसासूबाई सांगायच्या, रात्री कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल. लहानपणी मीही हे ऐकलेलं, म्हणून मला ते परकं वाटलंच नाही.

एक प्रसंग सांगते, शेवट नाही फोडत. मॅट बर्क हे गावातले वयस्कर शिक्षक. त्यांनी एका आजारी तरुणाला रात्रीपुरता घरी ठेवून घेतलाय. मध्यरात्री मॅट आपल्या खोलीत जागे होतात आणि त्या तरुणाच्या खोलीतून आवाज येतो. तो झोपेत कुणाला तरी म्हणतोय, हो, ये आत. मग एका लहान मुलाचं हसू. मॅट उठून बघायला जात नाहीत. एवढा शिकलेला, भला माणूस, पण पायच उचलत नाहीत. दिसत काहीच नाही, सगळं ऐकू येतं. मी ते पान दुपारी साडेतीनला वाचलं, उन्हात, आणि तरी सासूबाईंनी आतून हाक मारली तेव्हा लगेच ओ दिली नाही. त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

मेतकूट_भात
ताई, लाख बोललात. आणि क्रुसाबद्दल आणखी एक, पण हा अर्धा स्पॉयलर आहे, रात्रपाळीनं डोळे मिटावेत.

फादर कॅलाहन नावाचा दारूच्या आहारी गेलेला पाद्री आहे. एका प्रसंगी बार्लो, म्हणजे तो रक्तपिपासू, त्याला म्हणतो, तो क्रूस खाली टाक आणि नुसत्या श्रद्धेवर माझ्यासमोर उभा राहा. पाद्री कचरतो. त्या कचरण्यात क्रुसाचं तेज विझतं आणि हातात उरतं लाकूड-धातू. म्हणजे पुस्तकच सांगतंय की ताकद त्या वस्तूत नव्हती. गळ्यात ताईत बांधून मनात धाकधूक असलेल्या कुणालाही हे कळेल, त्याला ख्रिस्ती असायची गरज नाही.

दोन_लेकरांची_आई
एक सावधगिरीची सूचना कुणी दिलेली नाही म्हणून लिहिते. त्यात एक कोवळी आई आहे, तान्ह्या बाळाला मारहाण करणारी. त्या बाळाचं पुढे जे होतं आणि ती त्याला भरवायचा प्रयत्न करते, ते माझ्याच्यानं वाचवलं नाही. धाकटा तेव्हा सात महिन्यांचा होता. पुस्तक वाईट नाही, मी ते पुढे वर्षभरानं पूर्ण केलं. पण कट्ट्यात कुणी नवी आई असेल तर आधी सांगून ठेवा.

जुनी_पुस्तकं_पुणे
धारपांवर वाढलात म्हणता, मग ‘लुचाई’ वाचलीच असणार. ती याच कादंबरीवर बेतलेली आहे. म्हणजे सांगाडा तुमच्या ओळखीचा, ‘पुढे काय’ची उत्सुकता निम्म्यानं कमी होणार, हे धरून चाला. माझं वैयक्तिक मत (मारू नका): भीती हवी असेल तर ‘लुचाई’, गाव हवं असेल तर मूळ पुस्तक. धारप फापटपसारा ठेवत नाहीत. किंगला फापटपसाऱ्याचंच वेड.

एडिसनकर
इकडे अमेरिकेतल्या पानगळीत वाचली, त्यामुळे माझं मत जरा झुकलेलं आहे. कथा सप्टेंबर-ऑक्टोबरातली. दिवस रोज थोडा आखूड होतो आणि गोष्टीतल्या माणसांना अंधाराआधी कामं उरकायची असतात. नाशिकला ऑक्टोबर हीटमध्ये वाचाल तर ही गंमत थोडी हुकेल, डिसेंबर बघा.

आणि कट्ट्यावर कुणी ‘आधी सिरीज बघू’ म्हणालं तर हाणून पाडा. १९७९च्या सिरीजमध्ये बार्लोला निळसर चेहऱ्याचा, टकल्या, एक शब्द न बोलणारा राक्षस केलाय. दिसतो भयंकरच. पण पुस्तकातला बार्लो गोड बोलतो, आणि समोरच्याच्या मनात कुणाबद्दल राग साठलाय ते त्याला नेमकं कळतं. कचराडेपोवर तो रखवालदाराशी बोलतो तो प्रसंग बघा. २०२४चा सिनेमा घाईत उरकलाय, गावाला श्वास घ्यायला जागाच नाही.

अर्ध्यावर_सोडणारा
कचराडेपोपर्यंत मी पोचलो होतो. उंदरांवर गोळ्या झाडणारा तोच ना? तो मात्र आवडला होता.

मेतकूट_भात
उंदरांवरून आठवलं. मूळ हस्तलिखितात एका पात्राचा उंदरांकडून भयानक मृत्यू होता, संपादकानं तो किंगला बदलायला लावला. आता छापलेलं आहे तेही काही सौम्य नाही, तळघराचा जिना आला की कळेल.

रात्रपाळी_नाशिक
सर्वांचे आभार. डोळे मिटले नाहीत, कॅलाहनचं वाचलं, चूक माझी.

ठरलं असं की डिसेंबरसाठी घेतोय. काकूंना मेबल वर्ट्सबद्दल सांगितलं तर म्हणाल्या, ‘ती बाई चांगली होती, बाकीचे कंटाळवाणे.’ बाळाचं मी आधीच सांगून टाकलं, एकीनं आभार मानून नाव मागे घेतलं. आता अडचण एकच. माझी ‘लुचाई’ गेल्या दिवाळीत कट्ट्यातल्याच कुणीतरी नेलीय आणि कुणीच कबूल होत नाही. पुण्याकडे जुनी प्रत असेल तर कळवा, पोस्टाचा खर्च माझा.

जुनी_पुस्तकं_पुणे
आहे एक. पाठचं पान फाटलेलं, मजकूर शाबूत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.