कॉट बेसिसवर राहते, मेस एकवेळची, हिमोग्लोबिन ८.६. खोलीत गॅस नसताना काय खाऊ?

अंबाजोगाईची_लेक

नमस्कार. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहते, एका खोलीत आम्ही चौघी. गॅस, इंडक्शन काही चालत नाही, मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलंय. पाणी तापवायची किटली तेवढी चालते.

मागच्या आठवड्यात लॅबला जाताना तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. कठड्याला धरून खालीच बसले. वहीतले कागद पायऱ्यांवर पसरले होते आणि मला ते दिसत असूनही गोळा करता येत नव्हते. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "नीट खात जा." नीट म्हणजे काय ते विचारायचं होतं, पण बाहेर रांग लागली होती.

माझं खाणं असं: सकाळी साडेसातला चहा आणि दोन टोस्ट. अकराला पुन्हा चहा. दीडला मेस: तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, पातळ वरण, भात. त्यावर चहा. रात्री वडापाव, नाहीतर किटलीतल्या पाण्यात भिजवलेले नूडल्स. मेस दोन्ही वेळची ३,४०० रुपये आहे आणि एकवेळची १,९००. मी एकवेळची लावलीय. उरलेले पैसे अभ्यासिकेच्या फीला जातात. हे घरी माहीत नाही. यंदा सोयाबीन काढणीच्या वेळी पाऊस लागला, त्यामुळे बाबांना काही मागायला जीभ रेटत नाही.

आई दर पंधरा दिवसांनी ट्रॅव्हल्सने डबा पाठवते. ज्वारीच्या दशम्या असतात, त्या दोन दिवसांत संपतात. शेंगदाण्याची चटणी मैत्रिणी संपवतात. कारळाच्या चटणीला मात्र तिचा काळा रंग बघून कुणी हात लावत नाही. मीही लावलेला नाही. दोन बरण्या कपाटात तशाच आहेत.

महिन्याला जास्तीत जास्त ७०० रुपये वर काढू शकते. अंडी खाते, मटण-मासे नाही. सगळे बीट, खजूर, डाळिंब सांगतात. ते खरंच परवडत नाही. आणि गोळीने मळमळतं म्हणून दोन दिवसांपासून बंद केलीय. काय करू?

ओवी_आहारतज्ज्ञ

आधी गोळी सुरू कर, आजच. रिकाम्या पोटी घेऊन मळमळत असेल तर जेवणानंतर घे. लोह थोडं कमी शोषलं जातं, पण बंद करण्यापेक्षा ते कितीतरी बरं. तरी त्रास झाला तर डॉक्टरांना सांग, ते गोळी बदलून देतात. शौचाला काळी होईल, घाबरू नकोस. दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती घ्यायची नाही. आणि हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं म्हणजे संपलं असं नसतं. शरीरातला साठा भरायला पुढेही काही महिने गोळ्या चालतात, त्या मनाने थांबवू नकोस. ८.६ नुसत्या खाण्याने भरून निघत नाही, हे कुणी कितीही काही सांगितलं तरी लक्षात ठेव.

पाळीत खूप रक्त जात असेल तर डॉक्टरांना तेही सांग. आपल्याकडच्या मुली ते सांगतच नाहीत आणि मग वर्षभर गोळ्या खाऊनही आकडा हलत नाही. जंतांचं आणि बी-१२ चंही विचार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला होता. त्यामुळे यात लपवण्यासारखं काही नाही.

आता चहा. तुझ्या दिवसात मला सगळ्यात जास्त खटकला तो दीडचा. चहातले टॅनिन जेवणातलं लोह धरून ठेवतात, ते अंगी लागत नाही. जेवणाआधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी नको. सोडायला सांगत नाही, चारला पी. त्याऐवजी जेवताना लिंबाची एक फोड वरणावर पिळ. क जीवनसत्त्व असलेलं काहीही चालेल: लिंबू, आवळा, पेरू. धान्य-डाळींतलं लोह शोषून घ्यायला त्याचीच मदत होते.

बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून रक्त वाढवतात, ही फक्त समजूत आहे. रंगाचा आणि लोहाचा संबंध नाही, दोन्हींत लोह अगदी थोडं असतं. खजुराचंही फार नाही. तुझ्या वयाच्या मुलीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने धरलंय. ते बीट खाऊन गाठणं शक्य नाही.

आणि तुझ्या कपाटात ज्या दोन बरण्या पडून आहेत ना, त्या आज खाली काढ! कारळात लोह चांगलं असतं. तिळातही. तुझ्या आईने बरोबर तीच पाठवलीय. दोन्ही वेळेला दोन चमचे, दह्यात कालवून किंवा पोळीला लावून, आणि बाजूला लिंबू.

पाथरीचा_दादा

मी २०१४ ते १६ सदाशिव पेठेत चार जणांत राहिलो, गॅस आम्हालाही नव्हता. जे चालायचं ते सांगतो.

मटकी. रात्री वाटीभर भिजत घालायची, सकाळी पाणी काढून ओल्या रुमालात घट्ट बांधायची आणि खिडकीच्या गजाला टांगायची. थंडीत मोड यायला दोन दिवस लागतात, उन्हाळ्यात एकच, पण उन्हाळ्यात रुमाल दुपारी पुन्हा ओला करावा लागतो, नाहीतर वास येतो. ती कच्ची खाऊ नकोस. स्टीलच्या डब्यात घाल, वरून किटलीतलं उकळतं पाणी ओत आणि दहा मिनिटं झाकून ठेव. पाणी काढून कांदा, मीठ, लिंबू. माझ्या खोलीतला एक जण पहिल्यांदा नाक मुरडायचा, तोच पुढे रुमाल बांधायचं काम करायला लागला.

अंडी: चौघींनी मिळून ३० चा ट्रे घ्या, सुटी महाग पडतात. किटलीत अंडी बुडतील एवढं पाणी, उकळून बटण पडलं की झाकण न उघडता बारा मिनिटं तशीच ठेवायची. अर्धवट वाटली तर पुन्हा एकदा बटण दाब. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं. सकाळच्या दोन टोस्टच्या जागी दोन अंडी आली की अकराचा चहा आपोआप सुटतो, माझा सुटला होता.

बॅगेत फुटाणे आणि गूळ. आणि पेरू मंडईत संध्याकाळी उशिरा घे, उरलेला माल स्वस्तात देतात.

मेसवाली_काकू

बाळा, मी सतरा वर्षं मेस चालवते. तुझं लिहिलेलं वाचून रात्री झोप आली नाही.

आमचं वरण पातळ का असतं ते सांगते. तूरडाळ वाढली की पहिली काटछाट तिथेच होते, महिन्याच्या मध्यात दर वाढवता येत नाही. चूक ती चूकच. पण तू मागत नाहीस हीसुद्धा एक गोष्ट आहे. पोरी ताट पुढे करतात आणि म्हणतात भात वाढा. "काकू, भात अर्धा द्या आणि वरण तळातलं घट्ट दोन वाट्या द्या," असं म्हण. साठ पानांत एका वाटीने कुणाचं दिवाळं निघत नाही.

एकवेळवाल्या मुली मला चेहऱ्यावरून कळतात. दुपारी पाच पोळ्या खातात आणि एक हळूच रुमालात गुंडाळतात. मी बघते आणि दुसरीकडे बघते. तू तुझ्या मेसमध्ये दोन गोष्टी विचार. एक, दोन्ही वेळचे पैसे दोन हप्त्यांत चालतील का? दुसरं, खाडे कापतात का? तू महिन्यातून चार दिवस गावी जात असशील तर आठ खाडे झाले. बरेच जण कापतात, पण आधी सांगितलं तरच. तेही जमलं नाही तर रात्री दोघींत एक डबा घ्या, चार पोळ्या आणि भाजी असते.

आणि घरी सांग. सोयाबीन गेलं ते गेलं. पण लेक जिन्यात बसली होती हे आईला सहा महिन्यांनी दुसऱ्याकडून कळलं तर ती स्वतःला माफ करणार नाही. मला दोन मुली आहेत, म्हणून सांगते.

अंबाजोगाईची_लेक (सात आठवड्यांनंतर)

काल पुन्हा तपासलं. १०.७ आलंय. गोळी रोज रात्री जेवणानंतर घेतेय, मळमळ थांबली. डॉक्टरांना पाळीचं सांगितलं, त्यांनी सोनोग्राफी करायला लावली, ती नीट आली.

रात्रीचा डबा मी आणि परभणीची मैत्रीण मिळून घेतो. काकू, आमच्या मेसवाल्यांनी खाडे कापले. घट्ट वरण मागताना पहिल्या दिवशी आवाजच फुटला नाही, तिसऱ्या दिवशी मागितलं. आता मी दिसले की डाव तळापर्यंत जातो. मटकी टांगतो आम्ही, मालकीणबाईंनी विचारलं काय आहे ते, आणि बघून स्वतःच दोन लिंबं दिली.

घरी सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी पाचशे रुपये आले. आईला म्हटलं, कारळाची चटणी संपली, आणखी पाठव. तिला खरं वाटेना, तिने दोनदा विचारलं, "कारळाचीच ना?" या शनिवारच्या ट्रॅव्हल्सने तीन बरण्या येतायत. संगमवाडीला पहाटे साडेपाचला घ्यायला जायचंय.