'प्लॅनेट ऑफ द एप्स': वानरांचा इतिहास कॉर्नेलियसला ठाऊक होता की नव्हता?

सावईकर, फोंडा
वाचनालयात या चित्रपटमालेचे मूळचे पाचही भाग (१९६८ ते १९७३) ओळीने दाखवून चर्चा ठेवायची आहे. भविष्यातल्या पृथ्वीवर बोलत्या वानरांचं राज्य आहे, अशी ही कथा. एक गाठ सुटत नाही. पहिल्या भागात कॉर्नेलियस हा पुरातत्त्वज्ञ वानर निषिद्ध प्रदेशातली गुहा खणतो. कवळी, चष्मा, बोलकी बाहुली असं काय काय सापडतं आणि त्याच्यावर पाखंडाचा आरोप येतो. तिसऱ्या 'एस्केप'मध्ये तो यानातून मागे १९७३ सालात येतो, आणि तिथे मात्र कुत्र्यामांजरांची साथ, मग माणसांनी पाळलेले वानर, मग 'नाही' म्हणणारा पहिला वानर आल्डो, हे सगळं तो घडाघडा सांगतो. वर आल्डोची नोंद पवित्र पोथ्यांत आहे म्हणतो! मग गुहेत शोधत काय होता? आणि पहिल्या भागातलं साल ३९७८ की ३९५५?

चिरेबंदी
साल ही सरळ चूक आहे. पहिल्या भागातला अंतराळवीर टेलर, त्याच्या यानातलं घड्याळ ३९७८ दाखवतं. त्याला शोधायला निघालेला ब्रेंट दुसऱ्या भागात ३९५५ सांगतो. मागून निघालेला तेवीस वर्षं आधी कसा पोचेल? ३९७८च धरा.

इतिहास वानरांचा धर्मरक्षक झायस याला पक्का ठाऊक होता. पहिल्या भागाच्या शेवटी तो कॉर्नेलियसकडून एकोणतिसाव्या पोथीतलं सहावं वचन वाचून घेतो: माणूस स्वतःच्या घराचं वाळवंट करील आणि तुमच्याही. लिहिणाऱ्याला माणसाचं राज्य माहीत असल्याशिवाय हे सुचत नाही. मग तो गुहाच सुरुंगाने उडवायला लावतो. 'एस्केप'मध्ये कॉर्नेलियस लोकांपासून लपवलेल्या इतिहास-पोथ्यांचा उल्लेख करतो. त्या त्याने खटल्यानंतर, उड्डाणाआधी वाचल्या असं मानलं की गाठ सुटते.

मांडवीकाठ
एवढ्याने सुटत नाही. गुहेत कॉर्नेलियस म्हणतो, या थरातले वानर रानटी अवस्थेतले, साधारण १३०० वर्षांपूर्वीचे. ३९७८मधून १३०० वजा करा: २६७८. आणि पाचव्या 'बॅटल'मध्ये २६७० साली लॉगिव्हर हा वानरांचा धर्मगुरू वानरांच्या आणि माणसांच्या मुलांना एकत्र बसवून शिकवतोय! हा एकच इतिहास असूच शकत नाही. कॉर्नेलियस आणि त्याची बायको झिरा १९७३मध्ये उतरले तिथेच फाटा फुटला. जे बंड व्हायला शतकं लागणार होती ते चौथ्या 'कॉन्क्वेस्ट'मध्ये १९९१ला त्यांचा मुलगा सीझर करतो, पहिला 'नाही' लिसा ही वानरी म्हणते, आणि 'बॅटल'मधला आल्डो सीझरचा वैरी निघतो.

खरी खटकते ती गुहेतली बोलकी बाहुली. अशी बाहुली कलली की आतलं वजन सरकतं, भाता दाबला जातो, हवा धातूच्या पातळ पत्तीवरून जाऊन 'मामा' असा आवाज निघतो. भाता कापडाचा नाहीतर चामड्याचा. समुद्राच्या खाऱ्या हवेत इतकी शतकं भाता टिकणं अशक्य, पितळी पत्तीसुद्धा कळकेल. चिनी मातीचे दात आणि काचेची भिंगं मात्र राहतील.

सावईकर, तिसऱ्या भागानंतर मध्यांतर घ्या आणि फळ्यावर दोन रकाने आखा, आधीचा इतिहास आणि बदललेला. चौथ्याची प्रत आधी तपासा. चित्रपटगृहात आलेल्या आवृत्तीतच लिसाचा 'नाही' आहे. न कापलेल्या आवृत्तीत शेवट वेगळा आहे आणि तो शब्दच नाही. ती लावलीत तर दुसऱ्या रकान्यातला मोठा पुरावा लोकांना दिसणारच नाही.