'ट्रेड डाऊन'ला मराठीत काय म्हणायचं?

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टवर, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यावर, मराठीत लिहायला घेतलंय आणि दोन दिवस एकाच शब्दावर अडकलोय, ट्रेड डाऊन. म्हणजे आपला निवडीचा वरचा नंबर दुसऱ्या टीमला द्यायचा आणि त्यांचे खालचे दोन घ्यायचे, एका होतकरू पोराच्या जागी दोन येतात. २०१४ ला डेन्व्हरने हेच केलं. त्यांच्याकडे ११वा नंबर होता, शिकागोला डग मॅकडरमॉट हवाच होता, त्यांनी त्याच्यासाठी १६वा आणि १९वा दोन्ही सोडले आणि डेन्व्हरला युसुफ नुर्किच आणि गॅरी हॅरिस मिळाले. आता 'खाली सरकणे' लिहिलं तर टीमची घसरण झाली असं वाटतं, आणि 'माघार' तर नकोच. कुणाला काही सुचतंय का?

प्रतिसाद १
आधी एक सांगतो, ड्राफ्टचा 'मसुदा' करू नका प्लीज. 'लिलाव'ही नको, आयपीएलमध्ये पैशाची बोली लागते, इथे नुसती पाळी असते, गल्लीत दोन कॅप्टन आळीपाळीने भिडू मागतात ना तसं. निवडीच्या पाळीला इंग्रजीत 'पिक' म्हणतात, त्यापेक्षा 'नंबर' बरा, पिक लिहिलं की शेतातलं पीकच डोळ्यासमोर येतं. आणि तुमच्या शब्दाला 'नंबर सुट्टा करणे' चालेल का? शंभराची नोट देऊन पन्नासच्या दोन घेतल्या.

प्रतिसाद २
सुट्टा ऐकायला छान आहे पण अर्थ चुकतो. नोट सुट्टी केली तरी बेरीज तेवढीच राहते, ड्राफ्टच्या नंबरवर किंमत कुठे छापलेली असते? २०१७ ला साक्रामेंटोने १०वा पोर्टलंडला देऊन १५वा आणि २०वा घेतला, जस्टिन जॅक्सन आणि हॅरी जाइल्स आले, दोघांपैकी एकही तिथे टिकला नाही. आणि त्याच वर्षी बॉस्टनने चक्क पहिला नंबर फिलाडेल्फियाला देऊन तिसरा घेतला, वर पुढचा एक पहिल्या फेरीतला नंबर, आणि तिसऱ्यावर जेसन टेटम उचलला! फिलाडेल्फियाने ज्याच्यासाठी एवढं केलं तो मार्केल फुल्ट्झ खांद्याच्या दुखण्यामुळे पहिल्या सीझनला १४च मॅच खेळला.

म्हणून मी 'मोडणे' म्हणेन. आमच्या आजीने पाटली मोडून आई आणि मावशीला बांगड्या केल्या तेव्हा मी सोबत होते, सोनाराने पाटली काट्यावर ठेवली आणि आधी घट वजा केली, आजी पूर्ण वेळ त्या काट्याकडेच बघत होती. एकाचे दोन करताना काहीतरी जातं, आणि नवीन दागिना कसा बनेल ते बनल्यावरच कळतं, हे सगळं 'मोडणे'त आहे, 'सुट्ट्या'त नाही.

मूळ प्रश्नकर्ता
'डेन्व्हरने ११वा मोडून १६वा आणि १९वा घेतला.' मोठ्याने वाचून बघितलं, जमतंय की! फक्त नुसतं 'नंबर मोडला' म्हणून थांबलं तर काहीतरी तुटल्यासारखं वाटतं, पुढे काय घेतलं ते लगेच यायला हवं. अजून एक अडचण आहे, बऱ्याचदा आधी खेळाडू निवडतात आणि मग त्याचे हक्क बदलतात. २०१८ ला अटलांटाने तिसऱ्यावर लुका डॉन्चिचचं नाव घेतलं, डॅलसने पाचव्यावर ट्रे यंगचं, आणि मग दोघांची अदलाबदल झाली, लुकाचा त्या रात्रीचा फोटो अटलांटाच्या टोपीतच आहे. इथे 'लुका मोडला' लिहिणार का?

प्रतिसाद २
नाही, माणूस मोडला म्हटलं की तो खचला असाच अर्थ होतो. पाटली मोडायची ती बांगड्या हातात पडायच्या आधी, तसं नंबर आहे तोवरच 'मोडणे', एकदा पोराचं नाव पुकारलं की 'देणे-घेणे'. 'अटलांटाने लुका देऊन ट्रे घेतला आणि वर २०१९ चा एक नंबर घेतला', त्या नंबरवर मग कॅम रेडिश आला.