मदत हवी आहे: .३७५ रायफलसाठी कोणती गोळी घ्यावी?

नमस्कार. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस मनाई असल्याने पुण्यात या विषयाचे जाणकार क्वचितच भेटतात, म्हणून येथे विचारतो. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या मामांबरोबर, तेथील रीतसर परवान्यानिशी, केप बफेलोच्या (आफ्रिकी रानम्हशीच्या) शिकारीस जायचे असून .३७५ एच अँड एच मॅग्नम हे १९१२ पासूनचे काडतूस आणि ३०० ग्रेन वजनाची गोळी नक्की केली आहे. पहिल्या गोळीसाठी शिसे तांब्याच्या आवरणाला घट्ट सांधलेली सॉफ्ट पॉइंट (मऊ टोकाची, आघाताने पसरणारी) घ्यावी, की निव्वळ तांब्याची पसरणारी? मामा न पसरणारी सॉलिडच सुचवतात. परंतु ती आरपार जाऊन कळपातील मागच्या जनावराला जखमी करील, ही शंका मला रास्त वाटते. पसरणाऱ्या आणि सॉलिड अशा दोन्ही प्रकारच्या गोळ्या दुर्बिणीच्या एकाच नेमावर लागतात का, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.